हेल्मेट दिले, तरी डोक्यावर का राहत नाही?

प्रश्नकर्त्यांच्या देखरेखीखाली सुमारे साठ मोटारसायकलस्वार काम करतात. काही जण पार्सले पोहोचवतात, तर काही जण बाइक-टॅक्सी चालवतात. प्रत्येकाला हेल्मेट दिले, न घालणाऱ्याला दंड लावला, सुरक्षिततेवर व्याख्यानही ठेवले. तरीही दुपारच्या वेळी रस्त्यावर पाहिले तर निम्मी हेल्मेटे आरशाला लटकलेली दिसतात. असे का होते, हेल्मेट कोणते घ्यावे, दंड वाढवावा की बक्षीस द्यावे, आणि काम सोडून गेलेल्या चालकाचे हेल्मेट नव्या चालकाला द्यावे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी बरीच वर्षे अशाच चालकांना प्रशिक्षण देण्याचे आणि त्यांच्या अपघातांची कारणे तपासण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो, मात्र प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत तो क्रम नेमका पाळला जाईलच असे नाही, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट लागले की बाकीचे तीन बरेचसे आपोआप सुटतात.

चालकांना धोका कळत नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असणाऱ्या माणसाने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अपघात डोळ्यांनी पाहिलेले असतात. तो हेल्मेट घालत नाही याचे कारण त्याने मनाशी एक हिशेब केलेला असतो, आणि आपण तो हिशेब कधी मांडून पाहिलेला नसतो. मी एकदा एका पार्सलवाल्या चालकाच्या मागे दिवसभर दुसऱ्या गाडीवरून फिरलो. त्या दिवशी त्याच्या ३८ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत दोन थांबे होते, एक माल उचलण्याचा आणि दुसरा देण्याचा, आणि दोन्ही ठिकाणी त्याला हेल्मेट काढावे लागत होते. कारण दुकानदाराला चेहरा दिसायला हवा होता, आणि इमारतीच्या दारावरचा रखवालदार हेल्मेट घातलेल्या माणसाला आत सोडत नव्हता. त्याच्या हेल्मेटाचा पट्टा दोन कड्यांतून ओवून ओढायच्या जुन्या पद्धतीचा होता. हातमोजा काढा, पट्टा ओवा, ताणा, उरलेले टोक अडकवा, हातमोजा पुन्हा घाला, हे सारे मी घड्याळ लावून मोजले: घालायला साधारण २५ सेकंद आणि काढायला १५. एका थांब्याचे ४० सेकंद धरले, तर ७६ थांब्यांची एकूण वेळ ५० मिनिटांवर जाते. त्याच्या वेगाने ५० मिनिटांत तीन फेऱ्या होतात, आणि फेरीमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला तीन फेऱ्या म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याने हा गुणाकार कागदावर केला नव्हता; पण दुपारी बाराच्या सुमारास त्याने पट्टा लावणे सोडले आणि तीनच्या सुमारास हेल्मेटच घालणे सोडले, तेव्हा त्याच्या अंगाने तो केलेलाच होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे की, हेल्मेट हे चालकाच्या कामाचे अवजार समजावे आणि ते त्याच्या कामाच्या दिवसात बसते की नाही हे पाहावे. सहलीला जाणारा हौशी मोटारसायकलस्वार सकाळी एकदा हेल्मेट घालतो आणि जेवणाच्या वेळी काढतो. बाजारात मिळणारी बहुतेक हेल्मेटे आणि सुरक्षिततेवरची बहुतेक व्याख्यानेही त्याच्यासाठी तयार केलेली असतात. दिवसातून शंभरदा हेल्मेट चढवणारा आणि उतरवणारा माणूस ती तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

याचा एक दाखला इतिहासात आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीने १९ मे रोजी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्या मृत्यूनंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसणारे लोक रस्ते-अपघातांत मेले होते. केर्न्स यांच्या पाहण्यात हेल्मेट घातलेले जखमी मात्र फक्त सात आले होते आणि त्यांपैकी एकही दगावला नव्हता. सात हा आकडा लहान आहे, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे केले. म्हणजे या सक्तीच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगातला माणूस निरोप आणि कागदपत्रे पोहोचवणारा, आजच्या भाषेत पार्सलवाला होता. तिथे सक्ती टिकली, याचे श्रेय केवळ लष्करी शिस्तीला देऊ नये असे मला वाटते. त्या निरोप्याला फेरीमागे पैसे मिळत नव्हते, हेल्मेट त्याच्या गणवेशाचा भाग होते, आणि ते घालण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जात नव्हता.

याउलट उदाहरण नायजेरियाचे आहे. तिथे मोटारसायकल-टॅक्सीला ओकाडा म्हणतात. १ जानेवारी २००९ पासून चालक आणि प्रवासी अशा दोघांसाठी हेल्मेटच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा काही चालकांनी वाळवलेले भोपळे, रंगाचे रिकामे डबे आणि रबराचे तुकडे दोरीने डोक्याला बांधले. त्या बातमीवर जगभर हसू झाले. मला त्यात विनोदापेक्षा उत्तर जास्त दिसते: नियम ‘डोक्यावर काहीतरी दिसले पाहिजे’ असा वाचला गेला, आणि लोकांनी तो तसाच पाळला. प्रवाशांची बाजू तर आणखी वेगळी होती. अनोळखी लोकांच्या डोक्यावरून आलेले हेल्मेट घालायला ते कचरत होते. काहींना रोगाची भीती होती, काहींना केशरचना बिघडण्याची, तर काहींना त्यावर जादूटोणा केलेला असेल अशी. या कारणांना आपण हसू शकतो, पण त्यांतले पहिले कारण जगात कुठेही आणि आजही खरे आहे. त्याकडे मी पुढे येतो.

आपल्या चालकांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य असे असेल: “जवळच तर जायचे आहे, आणि गाडी तिशीच्या वर जातच नाही.” या वाक्याला व्याख्यानाने उत्तर देऊ नये, एका आकडेमोडीने द्यावे. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण १.६ मीटर उंचीवर असते. गाडी जागच्या जागी उभी असताना तो कलंडून पडला, तरी डोके जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.६ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटर असतो. हा वेग उंचीतून येतो, गाडीच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. उघडे डोके कठीण रस्त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत थांबते, तेव्हा त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पटींहून अधिक झटका बसतो. हेल्मेटाच्या आतला फेस, ज्याला सगळे थर्माकोलच म्हणतात, त्या वेळी २५ मिलिमीटर दबला, तर तोच झटका साठ-पासष्ट पटींवर येतो. हेल्मेटाचे सारे काम एवढेच आहे की थांबण्यासाठी दोन मिलिमीटरांऐवजी दोन-अडीच सेंटिमीटर जागा मिळवून देणे. बाहेरचे कठीण कवच तो आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. मेंदू वाचवतो तो आतला दबणारा थर. अमेरिकेत रोथ आणि लोम्बार्ड यांना अशा ऊर्जा शोषणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटाचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले, आणि आजचे प्रत्येक चांगले हेल्मेट त्याच तत्त्वावर चालते. मी प्रशिक्षणात अपघाताची छायाचित्रे दाखवणे केव्हाच बंद केले आहे. त्याऐवजी एक फुटलेले हेल्मेट उभे कापून आतला दबलेला थर हाताला लावून पाहायला देतो. जिथे चाळीस मिलिमीटर जाडी होती तिथे अंगठ्याखाली वीस लागते, आणि मग वर्गात काही काळ कोणी बोलत नाही.

“हेल्मेटमुळे मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मान मोडते” हे आक्षेपही येतील. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. हेल्मेटमुळे ऐकण्यात किंवा दिसण्यात अडथळा येऊन अपघात झाला, असे त्यांना आढळले नाही. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या आणि मानेच्या दुखापती कमीच होत्या. तरीही चालकाची तक्रार खोटी ठरवण्याची घाई करू नये. खरचटलेली, धुरकट झालेली काच असेल तर रात्री समोरचा दिवा फुटून दिसतो, आणि “मला दिसत नाही” हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. काच ही वर्षातून दोन-तीनदा बदलायची वस्तू आहे, हे खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावे.

हेल्मेट किती उपयोगी पडते याबद्दल सांगताना फुगवून सांगू नये, कारण चालक फसवणूक पटकन ओळखतात. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ही घट मोठी आहे, पण तिच्यात हेही आले की हेल्मेट घालूनही माणूस मरतो. वेळेत न बसणाऱ्या फेऱ्या नेमून द्यायच्या, उशिराबद्दल पैसे कापायचे आणि वर हेल्मेटाचा आग्रह धरायचा, हा दुटप्पीपणा चालकांच्या ध्यानात येतो, आणि मग व्यवस्थापनाच्या तोंडून आलेली सुरक्षिततेची कोणतीही गोष्ट त्यांना पटेनाशी होते.

आता पट्ट्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने निम्मा प्रश्न तिथेच आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धडकेत डोक्यावरून उडते, आणि खरा आघात पुष्कळदा दुसरा असतो: आधी समोरच्या गाडीचा, मग रस्त्याचा. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि थोड्याच काळात वापर ९० टक्क्यांच्या पुढे गेला. इतक्या झपाट्याने बदललेली रस्त्यावरची सवय क्वचितच पाहायला मिळते. पण पट्टा न लावता घातलेली आणि हलक्या दर्जाची हेल्मेटे हा तिथलाही पुढचा प्रश्न ठरला, आणि म्हणूनच तिथल्या कायद्यात पट्टा नीट लावलेला असणे हेसुद्धा बंधनकारक केलेले आहे. आपल्याकडची नोंद ‘घातले’ आणि ‘नाही घातले’ अशा दोनच रकान्यांत होत असेल, तर ती आजच बदलावी आणि ‘घातले, पण पट्टा मोकळा’ असा तिसरा रकाना करावा. मी जिथे जिथे असे मोजले, तिथे तिसऱ्या रकान्याने व्यवस्थापकांना धक्का दिला आहे.

पट्ट्याच्या सवयीवर उपदेशाचा इलाज चालत नाही, बक्कल बदलावी लागते. दोन कड्यांचा पट्टा शर्यतीसाठी उत्तम आहे, पण दिवसाला ७६ थांबे घेणाऱ्यासाठी तो चुकीचे अवजार आहे. दातेरी पट्टी खाचेत सरकवायची आणि एका खटक्याने सोडवायची, अशी बक्कल घ्यावी; ती हातमोजे घालूनही लागते आणि लागताना ‘कट-कट’ असा आवाज येतो. मघाच्या त्याच चालकाला मी तशी बक्कल असलेले हेल्मेट दिले, तेव्हा घालायला आठ आणि काढायला पाच सेकंद लागले. ५० मिनिटांची १६ मिनिटे झाली. ती १६ मिनिटेही त्याच्या खिशातून जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक थांब्याला नेमून दिलेल्या वेळेत काही सेकंद वाढवून द्यावेत असे मी त्याच्या व्यवस्थापकांना सुचवले. ते त्यांनी सहज मान्य केले नाही. पण मान्य केल्यावर दुपारनंतरची पट्ट्यांची मोजणी जितकी सुधारली, तितकी त्याआधीच्या दोन वर्षांच्या दंडाने सुधारली नव्हती.

याच हिशेबात उघडता येणाऱ्या हनुवटीचे हेल्मेटही येते. पूर्ण बंद हेल्मेट सर्वांत सुरक्षित असते, कारण अपघातात हनुवटीच्या भागावर बसणारे आघात मुळीच दुर्मीळ नसतात. पण ज्याला दर थांब्यावर चेहरा दाखवायचा आहे, ग्राहकाशी बोलायचे आहे, पाणी प्यायचे आहे, त्याच्या हातात पूर्ण बंद हेल्मेट दिले तर ते आरशावरच जाईल. अशा कामासाठी हनुवटीचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट हा शहाणपणाचा मध्यम मार्ग आहे, फक्त तो भाग चालवताना खाली आणि पक्का बसलेला असावा. युरोपीय नियमावली क्रमांक २२ नुसार तपासलेल्या हेल्मेटाच्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी असते. तिच्यावर गोलात ‘ई’ हे अक्षर आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो. त्यापुढे ‘पी’ असेल तर हनुवटीचे संरक्षण तपासलेले आहे, ‘जे’ असेल तर हनुवटी उघडी आहे, आणि ‘एनपी’ असेल तर समोरचा भाग दिसायला हनुवटीसारखा असला तरी संरक्षण देत नाही. शेवटच्या प्रकाराने अनेक खरेदीदार फसतात. या नियमावलीच्या सहाव्या सुधारित आवृत्तीत जास्त वेगाच्या आणि कमी वेगाच्याही धडकेची चाचणी आली, तसेच तिरक्या आघाताने डोके गरकन फिरते त्याचीही चाचणी आली. शहरात हळू चालणाऱ्या व्यावसायिक चालकासाठी कमी वेगाची चाचणी महत्त्वाची आहे, कारण केवळ जोरदार धडकेसाठी घडवलेला फार कठीण थर हलक्या पडण्यात दबतच नाही. कोणत्याही देशाचे मानक असो, ते खरे मानक असावे. घाऊक खरेदीत नमुन्यादाखल एक हेल्मेट चांगले आणि पेटीत दुसरेच, असा अनुभव मला स्वतःला आला आहे. तेव्हापासून मी पेटीतली कोणतीही दोन उचलून, त्यांचे अस्तर बाहेर काढून आतला थर पाहतो. पातळ स्पंज दिसला तर पूर्ण माल परत करावा.

मापाबाबत मात्र तडजोड नको. साठ जणांसाठी एकाच मापाची साठ हेल्मेटे मागवणे, ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरवरून डोक्याचा घेर मापावा, त्यानुसार हेल्मेट द्यावे, आणि मग चालकासमोर उभे राहून दोन्ही हातांनी ते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. हेल्मेटबरोबर गालाची आणि कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते मोठे आहे. नंतर पट्टा लावून मागची कड वर आणि पुढे ढकलावी. ते पुढून निसटून हातात आले, तर रस्त्यावरही तसेच निसटेल. नवे हेल्मेट गालाला थोडे दाबतेच, आणि पंधरा-वीस दिवसांत गादी बसल्यावर ते ठीक होते. पण कपाळावर एका ठिकाणी टोचत असेल तर तो डोक्याच्या आकाराचा प्रश्न असतो आणि दुसरी बनावट द्यावी लागते. टोचणारे हेल्मेट कोणीही दिवसभर घालत नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही.

उकाडा आणि घाम यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण इलाज साधे आहेत. प्रत्येक चालकाला सुटे होणारे अस्तर दोन जोड द्यावेत, एक डोक्यावर आणि एक धुऊन वाळत. अस्तर साध्या साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. पेट्रोल, थिनर किंवा तीव्र रसायनांनी हेल्मेट पुसू नये, कारण त्यांनी थर्माकोल विरघळतो आणि काही प्रकारची कवचे ठिसूळ होतात, पण वरून काहीच दिसत नाही. आत पातळ सुती टोपी घातली की घाम तिच्यात जातो आणि ती रोज धुता येते. “हेल्मेटने केस गळतात” या तक्रारीवर मी वाद घालत नाही. स्वच्छ अस्तर दिल्यावर ती तक्रार बहुधा बंद होते, आणि मला वाद जिंकण्यापेक्षा ते जास्त आवडते.

एक सवय मात्र कडकपणे मोडावी लागते. मोबाइल गालाशी, हेल्मेटाच्या आत खुपसून बोलणारे चालक आपल्याकडेही असतील. तो फोन गालाच्या गादीला दाबून हेल्मेट सैल करतो आणि धडकेच्या वेळी कानशिलावर एक कठीण वस्तू आधीच ठेवलेली असते. याचे मूळही कामातच आहे: ग्राहक किंवा कार्यालय चालत्या गाडीवर फोन करते. कार्यालयाने चालत्या चालकाला फोन न करण्याचा नियम आधी स्वतःला लावावा, आणि मगच चालकाला टोकावे.

बाइक-टॅक्सीच्या प्रवाशाचा प्रश्न वेगळा आहे. रवांडात मोटारसायकल-टॅक्सीचे चालक स्वतः हेल्मेट घालतात आणि प्रवाशालाही देतात, आणि प्रवासी ते घालतात, म्हणजे हे अशक्य नाही. दुसऱ्याच्या घामाची किळस हे प्रवाशाचे पहिले कारण असते, म्हणून हेल्मेटाबरोबर पातळ, एकदाच वापरायची टोपी द्यावी आणि हेल्मेट प्रवाशाच्या नजरेसमोर पुसावे. न पुसता दिले आणि नंतर “पुसलेलेच आहे” असे सांगितले तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हेल्मेट पुढे करताना चालकाने “घालता का?” असे विचारू नये, पट्टा उघडून ते प्रवाशाच्या हातात द्यावे आणि तो घालून झाल्यावरच गाडी सुरू करावी. विचारले की नकार येतो, आणि नकार आला की भाडे जाण्याच्या भीतीने चालक गप्प बसतो. म्हणूनच प्रवाशाने हेल्मेट नाकारल्यास फेरी रद्द करण्याचा अधिकार चालकाला द्यावा आणि त्या फेरीचा तोटा त्याच्यावर टाकू नये. हे कागदावर लिहून दिलेले असावे, कारण तोंडी आश्वासनावर कोणी भाडे सोडत नाही. प्रवाशाच्या हेल्मेटाचे माप हा मोठा अडथळा आहे, आणि तो पूर्ण सुटत नाही; मागे-पुढे करता येणारी कड असलेले मध्यम माप बहुतेकांना चालते, तर लहान मुलांसाठी प्रौढांचे हेल्मेट कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

दंड की बक्षीस, या प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित निराश करील. दंडाने चालक हेल्मेट घालायला शिकतो ते तपासणीच्या जागी. एका ठिकाणी पाळी सुरू होताना हेल्मेटासह स्वतःचे छायाचित्र पाठवण्याचा नियम होता, आणि रोज सकाळी शंभर टक्के छायाचित्रे येत होती. त्याच चालकांची मी दुपारी दोन वाजता मुख्य रस्त्यावर मोजणी केली, तर पट्टा लावलेले निम्म्याहूनही कमी होते. बक्षिसाचीही गत तीच, कारण तेही मोजणाऱ्याच्या डोळ्यांपुरते असते. दोन्हींपेक्षा नियमित आणि निनावी मोजणी अधिक कामाची आहे. आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, त्यात एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री उशिरा, कोणा एका माणसाने ठरलेल्या चौकात उभे राहून आपल्या चालकांची तीन रकान्यांत नोंद करावी, नावे लिहू नयेत, आणि तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लावावा. आकडा घसरला की चालकांनाच विचारावे की काय अडले. उत्तरे ऐकण्यासारखी असतात. “त्या इमारतीत हेल्मेट काढल्याशिवाय सोडत नाहीत आणि ठेवायला जागा नाही” असे एकाने सांगितले, आणि गाडीला कुलूपबंद अडकवणी बसवली, एवढ्यावर त्या भागातला आकडा सुधारला. सार्वजनिक रस्त्यावरचा कायदा आणि त्याचा दंड वेगळा. तो सर्वांना सारखा लागू असतो आणि त्याची अंमलबजावणी सतत राहिली तर उपयोगही होतो. पण मालकाने स्वतःच्या चालकाला लावलेला दंड हा शेवटी मजुरीतून कापलेला पैसा असतो, आणि तो भरून काढायला चालक आणखी घाई करतो.

राहिला जुन्या हेल्मेटाचा प्रश्न. दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट नव्या चालकाला देऊ नये. आतला थर एकदाच दबतो आणि परत फुगत नाही. त्या हेल्मेटाने कधी जोराचा मार खाल्ला आहे का, हे वरच्या कवचावरून कळेलच असे नाही, आणि गादी आधीच्या माणसाच्या डोक्याच्या आकाराची झालेली असते. वर्षानुवर्षे आरशाच्या टोकावर अडकवलेल्या हेल्मेटात त्या टोकाचा खड्डा आतल्या थरात पडलेला मी कितीदा पाहिला आहे. अस्तर काढून बोट फिरवले की तो लागतो. हेल्मेटांची चाचणी करणारी अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन ही संस्था पाच वर्षांनी हेल्मेट बदलण्याचा सल्ला देते. माझ्या मते रोज दहा तास उन्हात आणि घामात असलेल्या हेल्मेटासाठी तीन वर्षेसुद्धा पुष्कळ आहेत, आणि अपघातात जमिनीवर आदळलेले हेल्मेट त्याच दिवशी बाद करावे, भले त्यावर ओरखडा एकच असो. प्रत्येक हेल्मेटाच्या आत दिल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईच्या चिठ्ठीवर लिहून ती चिकटवावी. बाद केलेले हेल्मेट कचऱ्यात टाकण्याआधी त्याचा पट्टा मुळापासून कापून टाकावा, नाहीतर आठवड्याभरात ते कोणाच्या तरी डोक्यावर पुन्हा दिसते.